पट्टीमागची फट

गेल्या दिवाळीला या सदरात मी गळक्या नळाची हकीगत सांगितली, तेव्हापासून आमच्या घरी नळाला हात लावण्याची मला परवानगी नाही. सौ.चे म्हणणे असे की, मी लिहावे आणि काम प्लंबरने करावे. अशा रीतीने हात शिवशिवत असतानाच शिरपूरहून आत्याचा फोन आला.

"बापू, माझ्या खिडकीची पट्टी सुटली आहे. दादा म्हणतो, सगळी खिडकीच काढून टाकू. तू येऊन पाहतोस का?"

हे शिरपूर धुळ्याकडचे नव्हे. हे शिरपूर जैन, वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले. आणि ते मालेगावही नाशिककडचे नव्हे. वऱ्हाडातला पत्ता सांगताना अशी पथ्ये पाळावीच लागतात. गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांचे. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, पूर्वी तिच्याखालून घोडेस्वार जाई आणि आता वस्त्र सरकते, अशी भाविकांची श्रद्धा. दोन पंथांच्या वादात १९८१ साली या मंदिराला कुलूप लागले, ते २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले. मधली ४२ वर्षे लांबलांबून आलेली माणसे एका लहानशा झरोक्याला डोळा लावून दर्शन घेऊन परत जात. खिडकीची किंमत ज्या गावाला सांगावी लागू नये, असे हे गाव.

आत्याचे वय ८३. एका डोळ्याने अंधुक दिसते, दुसऱ्याने त्याहून अंधुक. सकाळी चहा झाला की ती रस्त्याकडच्या खिडकीपाशी बाजेवर बसते. उठायचे झाले की खिडकीच्या खालच्या पट्टीला उजवा हात घालते आणि जोर घेऊन उभी राहते. त्या पट्टीचा काठ एका जागी तिच्या तळव्याने झिजून पेढ्यासारखा गुळगुळीत झाला आहे. दादाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, नावे ठेवण्यात अर्थ नाही. पावसात खिडकीतून पाणी येते, संध्याकाळी डास येतात, आणि रात्री उठून आईला पाहावे लागते ते त्याला आणि वहिनींना, मला नव्हे. त्याने अॅल्युमिनियमची सरकती खिडकी ठरवली होती. सोमवारी माणसे पहारी घेऊन येणार, चौकट उखडणार, मंगळवारी नवी बसणार, वसुबारसेला घर मोकळे. मी पोहोचलो शनिवारी.

आता प्रथम माझा पराक्रम. चहा होताच पेचकस घेतला, वरच्या आडव्या पट्टीच्या मधोमध खुपसला आणि तिरका दाबला. गिलाव्याचा तळहाताएवढा पोपडा खाली आला आणि पट्टी लांबीत दुभंगली. आत्याने विचारले, "काहून रे, काय पडलं?" मी म्हटले, "काही नाही, थोडी माती." ती गप्प बसली. डोळ्यांनी दिसत नसले तरी लाकूड फुटल्याचा आवाज तिला कळला होता.

यावर वाईट असे आणखी एक चालले होते. मी पट्टीवरचा जुना रंग कोरडाच खरवडत होतो, आणि दादाची तीन वर्षांची नात त्या रंगाच्या खपल्या गोळा करून भातुकलीत पापड म्हणून वाढत होती. ते पाहून माझ्या हाताला कापरे भरले. जुन्या तैलरंगांत शिसे असू शकते, आणि ते लहान मुलांच्या पोटात गेले तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. घरगुती रंगात दर दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या प्रत्येक रंगात शिसे असेलच असे नाही. पण नसेल असे धरून चालू नये. असा रंग कधीही कोरडा घासू नये, दिव्याच्या ज्योतीने जाळून तर मुळीच काढू नये. पाण्याने भिजवावा, ओलाच खरवडावा, खाली जुने कापड अंथरून सगळा कचरा त्यात गुंडाळावा, ओल्या फडक्याने जमीन पुसावी, आणि हे होईपर्यंत मुलांना शेजारी धाडावे. आम्ही भातुकलीची भांडी घासून घेतली, नातीचे हात दोनदा साबणाने धुतले. तिने भोकांड पसरले ते पापड गेले म्हणून.

दुपारी दादाने गावातल्या एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्यांनी फुटकी पट्टी पाहिली, मला पाहिले, आणि माझ्या हातातला पेचकस काढून घेतला.

"भाऊ, हे पेच फिरवाचं हत्यार हाय, पट्टी उखडाचं नाही. आन् घाई कायची? पट्टी काढाच्या आधी तिले वाचाची असते."

मिस्त्रींचे हे वाचन मी बाजेवर बसून ऐकले, ते तुम्हालाही सांगतो. खिडकीभोवतीची पट्टी शोभेसाठी असते असा आपला समज. ती मुळात असते फट झाकण्यासाठी. चौकट लाकडाची, भिंत माती-विटांची. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. आणि तेही रुंदीत. लांबीत त्याला जवळजवळ फरक पडत नाही. भिंतीचे फुगणे-आकसणे निराळे. दोघांचा संसार एका तालावर चालत नाही, म्हणून त्यांच्या मध्ये फट पडतेच, आणि ती चारचौघांत दिसू नये म्हणून पट्टी. कोणाच्या घरात हे असे नसते!

तर या पट्टीच्या चार कोपऱ्यांवर ४५ अंशांचे तिरपे सांधे असतात. चारही सांधे आतल्या बाजूने सारखेच उघडले असतील, तर समजावे की लाकूड सुकले. काळजीचे कारण नाही. पण समोरासमोरचे दोन तिरपे कोपरे आतून उघडले आणि उरलेले दोन बाहेरून उघडले, तर लाकडाचा दोष नाही, चौकटच तिरकी झाली आहे. आत्याच्या खिडकीचे नेमके तेच होते. मिस्त्रींनी सुतळीने कोपरा ते कोपरा दोन्ही कर्ण मोजले. एक दुसऱ्याहून बोटभर लांब. मग त्यांनी भिंतीवर बोट ठेवले: खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून छताकडे तिरपी चीर गेली होती. दरवर्षी रंगाखाली जाणारी आणि दरवर्षी पुन्हा उगवणारी ती चीर आम्ही सगळ्यांनी पाहिलेली होती.

हा वऱ्हाडच्या जमिनीचा गुण. काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगेत हात जातो. तिच्यावरचे घर दर वर्षी थोडे उचलले जाते, थोडे खचते, आणि भिंतीत जिथे भोक आहे, म्हणजे दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांशी, तिथे ती आधी तडकते. नवी घरे यासाठी खोल पायावर किंवा खांबांवर घेतात. आत्याच्या सासऱ्यांनी बांधलेले पांढऱ्या मातीचे घर तसे कोठून असणार?

आता पट्टी काढण्याची रीत. धारदार पात्याने आधी पट्टी आणि गिलावा, पट्टी आणि चौकट यांच्यामधला रंगाचा थर सरळ रेषेत कापायचा, नाहीतर रंग ओढला जाऊन पोपडे येतात. मधोमध कधीच सुरुवात करू नये. उभ्या पट्टीच्या खालच्या टोकाशी करावी. रुंद, पातळ पोलादी पाते हलकेच आत सरकवायचे, मग त्यापाठोपाठ लाकडाची पाचर. जोर द्यायचा तर पात्यामागे लाकडाचा तुकडा धरून. भार गिलाव्यावर येता कामा नये. प्रत्येक खिळ्यापाशी थोडेसेच उचलावे आणि पुढच्या खिळ्याकडे जावे. वरपर्यंत पोहोचलात की पुन्हा खालून. एकाच जागी पूर्ण उचलण्याचा मोह झाला की माझ्यासारखे होते. पट्टी हातात आल्यावर खिळे पुढून ठोकून काढू नयेत, कारण डोक्याभोवतीचे लाकूड त्याबरोबर निघते. मागून पक्कडीने धरून आरपार ओढावेत. पुढे फक्त बारीक भोक राहते, ते लांबीने बुजते. प्रत्येक पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीने 'डावी', 'उजवी', वर बाण, असे लिहून ठेवावे. "घरी गेल्यावर समद्या पट्ट्या सारख्याच दिसतात, साहेब."

डावी पट्टी निघाली, आणि पाठीमागून मातीच्या बोटभर जाड नळ्या घरंगळल्या. वाळवी. मिस्त्रींनी पटाशीचे टोक चौकटीच्या डाव्या उभ्या बाजूच्या तळाशी टेकवले. ते लोण्यात जावे तसे गेले. वर तळहातभर साग शाबूत, खाली वीतभर नुसता भुसा आणि त्यावर रंगाचे कातडे. जुन्या मातीच्या भिंतीला कधीकाळी सिमेंटचा गिलावा केलेला होता. मातीची भिंत श्वास घेते, जमिनीतून चढलेली ओल बाहेर सोडते. सिमेंटने तोंड दाबले की ती ओल लाकडाकडे वळते, आणि ओल तिथे वाळवी. घर पक्के करण्याच्या हौसेने केलेले हे काम घराच्याच मुळावर आले होते. आपल्यापैकी पुष्कळांनी हे केले आहे, म्हणून लिहितो.

पण खरा धक्का वरच्या पट्टीखाली होता. खिडकीच्या डोक्यावरची भिंत पेलणारी लाकडी तुळई दोन्ही बाजूंना भिंतीत चांगली खोल शिरलेली हवी. इथे तिचे डावे टोक वाळवीने खाल्ले होते. भिंतीत तिचा आधार उरला नव्हता. ती टेकली होती चौकटीवर. चौकटीचे काम खिडकी धरण्याचे, भिंत धरण्याचे नव्हे; पण अनेक वर्षे ती बिचारी दोन्ही करत होती, आणि म्हणून तिरकी झाली होती.

दादा बराच वेळ बोलला नाही. सोमवारी पहार लागली असती, चौकट निघाली असती, आणि वरची भिंत खाली आली असती. ती कोठे आली असती हे पाहायला मान वळवावी लागत नव्हती. खिडकीला लागून बाज होती, आणि बाजेवर आत्या बसली होती.

"काय झालं रे? सगळे गप्प का झाले?" आत्याने विचारले.

"आई, वरची तुळई अधांतरी आहे," दादा म्हणाला.

"अगबाई," आत्या म्हणाली, "शिरपुरात अधांतरी एकानेच राहावं. तुळईला टेकू लावा."

त्याच संध्याकाळी बाज आतल्या खोलीत गेली आणि तुळईखाली दोन सागवानी टेकू लागले. दादाने फोन करून सोमवारची माणसे रद्द केली. आगाऊ दिलेली रक्कम परत मिळायची नव्हती. तो त्याविषयी एक शब्द बोलला नाही, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

पुढचे काम सहा दिवस चालले, ते सगळे सांगत नाही. तुळईच्या जागी नवी तुळई दोन्ही बाजूंना भिंतीत खोल बसवली. असे काम मात्र वाचून करण्याचे नव्हे. टेकू, तुळई आणि भिंत आली की जाणकार माणूस हवाच, आणि वाळवीचे औषधही त्यातल्या माहीतगारानेच मारावे. चौकट काढली नाही. डाव्या बाजूचा कुजका तुकडा कापून टाकला, जुन्या-नव्या टोकांना अर्धी अर्धी खाच करून एकावर एक बसवले. नवा तुकडा एका मोडलेल्या वाड्याच्या सागवानाचा. आपल्या विदर्भाच्या सागाची कीर्ती मोठी. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून साग गेला. पण मिस्त्रींचे मत असे की, नव्या सागापेक्षा पन्नास उन्हाळे खाल्लेला साग बरा, कारण त्याला आकसायचे ते तो आकसून बसलेला असतो. चौकटीभोवतीचा सिमेंटचा गिलावा वीतभर रुंदीत काढून तिथे चुन्याचा केला. दादाचेही म्हणणे राहिले: झडपांच्या आतून डासांच्या जाळीची उघडमीट करता येईल अशी हलकी चौकट बसली, आणि बाहेरून पावसाचे पाणी उतरून जावे म्हणून खालच्या फळीला उतार दिला.

नव्या पट्ट्यांविषयी मात्र सविस्तर सांगतो, कारण ते काम तुम्हा-आम्हाला जमण्याजोगे आहे. पट्टीचे लाकूड आणल्याबरोबर बसवू नये. ज्या खोलीत लावायचे त्या खोलीत आठवडाभर आडवे ठेवावे. तिथल्या हवेशी त्याची ओळख व्हावी. पट्टी चौकटीच्या काठाशी बरोबर जुळवण्याच्या भरीस पडू नये. पाव इंच चौकट सगळीकडून सारखी दिसू द्यावी. जुळवायला गेलात तर अर्ध्या सुताचा फरकही डोळ्यात भरतो, सोडलेल्या जागेत तो लपतो. टेपने मोजून कापण्यापेक्षा लाकूडच जागेवर धरून खूण करावी. आधी वरची पट्टी, मग बाजूच्या, आणि त्या केसभर लांबच कापाव्यात. लांब पट्टी रंध्याने कमी करता येते. आखूड पट्टी ओढून लांब होत नाही. कोपरा काटकोनी नसेल तर ४५ चा हट्ट धरू नये. कोपरा ८८ अंशांचा असेल तर दोन्ही काप ४४ चे. गुण्या लावून रडत बसण्यापेक्षा कोपऱ्यावर दोन फालतू तुकडे एकमेकांवर आडवे ठेवावेत, ते जिथे एकमेकांना छेदतात त्या आतल्या आणि बाहेरच्या टोकांतून रेघ मारावी, तोच काप.

आणि खिळे फक्त चौकटीत मारावेत. मी विचारले, पट्टीचा दुसरा काठ भिंतीत ठोकला तर जास्त पक्की नाही का होणार? मिस्त्री हसले. "एक पाय बैलगाडीत आन् एक आगगाडीत ठेवला तं मानसाचं काय व्हते?" चौकट एकीकडे सरकणार, भिंत दुसरीकडे, आणि मध्ये पट्टी फाटणार. टोकाजवळ खिळा मारताना लाकूड फाटू नये म्हणून त्यांनी खिळ्याचे टोक दगडावर ठेवून हातोडीने बोथट केले. मला ते उफराटे वाटले. पण टोकदार खिळा पाचरीसारखा लाकडाचे धागे दोहोंकडे लोटतो, बोथट खिळा ते चेपून आत जातो. घरी आल्यावर करून पाहिले, खरे आहे.

शहरातल्या वाचकांसाठी दोन शब्द. तुमच्या सदनिकेत खिडकीला दाबलेल्या भुशाची, म्हणजे एम.डी.एफ.ची पट्टी असेल आणि ती खालच्या टोकाशी फुगून पावासारखी झाली असेल, तर नवी आणायला धावू नका. ती नवीही पुढच्या श्रावणात तशीच होईल. पाणी बाहेरून कोठून येते ते आधी पाहा: अॅल्युमिनियमच्या चौकटीभोवतीचा रबरी लेप सुटला आहे का, रुळातली पाणी जाण्याची छिद्रे धुळीने बुजली आहेत का. बहुतेक वेळा एक टाचणी आणि अर्धा तास पुरतो.

धनत्रयोदशीला काम संपले. तीन पट्ट्या नव्या होणार होत्या, आत्याच्या हाताची खालची तेवढी जुनी. पण वरची, मी फोडलेली, टाकू द्यायला आत्या तयार होईना. ती तिच्या यजमानांनी मिस्त्रींच्या वडिलांकडून करवून घेतलेली होती, हे मला त्या दिवशी कळले. मग मीच ती चिकटवली. दोन्ही बाजूंना सरस, वरून सुतळीचे करकचून वेढे, एक रात्र दगडाखाली. मध्ये बारीक रेघ राहिली आहे. रंग दिल्यावर दिसणार नाही, असे सगळे मला सांगतात. पण नव्या लाकडाला रंग इतक्यात द्यायचा नाही, चुना सुकू द्यायचा, असा मिस्त्रींचा हुकूम आहे. तेव्हा यंदाच्या दिवाळीत ती रेघ साऱ्या शिरपूरला दिसणार.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आत्या पुन्हा आपल्या जागी बसली. तिने डाव्या हाताने नवी उभी पट्टी चाचपली, "खरखरीत आहे," म्हणाली, मग उजवा हात खाली नेऊन जुन्या गुळगुळीत जागी ठेवला. वहिनी आकाशकंदील आणि हातोडी घेऊन आल्या. इतक्यात रस्त्यावरून जाणारे मिस्त्री खिडकीबाहेरून ओरडले, "बाई, पट्टीवर खिळा नोका मारू!"

कंदील गजाला बांधला.